बिजलीच्या कानातला बिल्ला

१९ जुलै, शनिवार

लंपीची लस आज वस्तीवर. दवाखान्याचा माणूस एकटाच आला होता. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात बिल्ले मारायचा चिमटा, मग वही कोण धरणार. भगवान भावजी म्हणाले, आमच्या मास्तरीणबाईंना द्या की. सगळे हसले. मी घेतली. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले मी, पण अक्षर बरं आहे.

प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. आकडे लिहायचे, पुढं नाव, पुढं मोबाइल. ऊन लई. नावं गोठ्यागोठ्यानं लिहीत गेले.

माझ्या बिजलीलाही मारला. दावं भ. भावजींच्या हातात होतं. कान टोचला तशी तिनं त्यांना चार पावलं ओढत नेलं. खिल्लार गाय ती. गाभण आहे म्हटलं, तर तो माणूस म्हणाला लस चालते, फक्त धरताना जोर करू नका. भावजींना ते आधी सांगायला हवं होतं.

त्यांनी त्यांची जर्सी मात्र मागच्या शेडातून बाहेर काढलीच नाही. लस दिली की दूध आटतं म्हणे. मी पत्रक वाचून दाखवलं, आटलं तरी दोन-चार दिवसच. म्हणाले, "तुमी वाचा वैनी, आमी धारा काढतो."

आता थोडे दिवस. व्याली की बिजली माझ्या दारात परत, पहिलं वासरू त्यांचं. ह्यांच्या तेराव्याला तसंच ठरलं होतं. दीड वर्षाची होती तेव्हा. मी एकटी तिला वैरण कुठून आणणार होते, म्हणून अर्धलीनं दिली. दोन वर्षं चार महिने झाले. गोठा झाडून ठेवते रोज. रिकामा गोठा झाडायला वेळ लागत नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं. शेजारच्या दोन गावांत लंपी. जनावरांचा बाजार बंद. कुणी जनावर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात हलवायचं नाही. गाठी दिसल्या तर लपवायचं नाही, दवाखान्यात कळवायचं.

दुपारी पारावर सात-आठ जणांना पत्रक वाचून दाखवलं. शेजारच्या तात्यांनी दोनदा वाचायला लावलं. त्यांची बैलजोडी हेच त्यांचं सगळं. पोराबाळांचं नाव घेत नाहीत एवढं बैलांचं घेतात.

२ ऑगस्ट, शनिवार

वस्तीवर गेले होते. बिजलीची कास उतरलीय. आठवड्याभरात व्यायची.

मागच्या शेडात जर्सीच्या अंगावर पोतं. उन्हाळा नाही, थंडी नाही, पोतं कशाला. कुसुमला विचारलं. (धाकटी जाऊ, भावजींची बायको. खोटं बोलायची वेळ आली की पदर नीट करते.) म्हणाली, "देवी आल्यात आक्का. मोठ्यानं बोलू नका." शेडाच्या तोंडाशी कडुलिंबाचा डहाळा, दहीभाताचा उतारा. देवी आलेल्या माणसाला सुई टोचत नाहीत, तसं जनावरालाही नाही टोचायचं, असं तिचं म्हणणं.

पोतं उचललं. मानेवर, पाठीवर, पोटाखाली गाठी. डोळ्यांतून पाणी. जर्सीपासून आठ-दहा पावलांवर बिजली.

भावजी आले. देवी वगैरे काही नाही, त्यांनाही कळतं. डेअरीवाला दूध घ्यायचं बंद करील ही भीती. शिवाय लस नाही, बिल्ला नाही, डॉक्टर विचारणारच. म्हणाले, "चार दिवसांत उतरंल. तुमी पत्रक घेऊन दवाखान्यात जाऊ नका म्हंजे झालं."

मी काही बोलले नाही. आपण गप्प बसलो की समोरचा त्याला होकार समजतो, हे मला माहीत होतं.

४ ऑगस्ट, सोमवार

दोन रात्री नीट झोप नाही. पत्रक किती वेळा वाचलं. माशा, गोचीड, डास ह्यांनी पसरतो. बाधित गोठ्यातलं जनावर धडधाकट दिसलं तरी हलवू नये, कारण रोग अंगात आधीच…

कळवलं तर बिजली तिथंच अडकली, त्या माशांत. नाही कळवलं तरी तिथंच.

लस दिलीय तिला. पंधरा दिवस झाले. लागू झाली असेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

आणली.

दिवस उगवायला गेले. भावजी धारा काढत होते. गाय नेते म्हटलं. वाटलं होतं अडवतील. मान वर न करता म्हणाले, "न्या. तेवढंच एक कमी." कुसुमनं दावं सोडून दिलं. कालव्याच्या कडेनं आणली, वाटेत कुणी भेटलं नाही. भेटलं असतं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. ते इथं लिहीत नाही.

शुक्रवारी पारावर मीच वाचलं होतं, हलवू नका.

बिजली दारात येऊन थांबली. हे असते तर काहीतरी बोलले असते तिच्याशी. गुरांशी बोलायचे ते, आणि माझ्याशी कमी. मला तसं जमत नाही. मी तिच्या बाजूला नुसती उभी राहिले.

तात्या भिंतीवरून म्हणाले, लक्ष्मी आली की घरी. म्हटलं, हो. वस्तीवर काय चाललंय ते सांगितलं नाही. त्यांचे बैल आणि माझी गाय, मधल्या एकाच हौदावर पाणी पितात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

व्याली. पहाटेच, कुणाचा हात न लागता. कालवड झाली, पांढरी, कपाळावर करडा ठिपका. तासाभरात उभी राहिली, पडली, परत उभी राहिली. चीक पाजला.

तात्यांकडे खरवसाची वाटी दिली. त्यांनी वाटी मूठभर ज्वारी घालून परत केली. मोकळं भांडं परत देत नाहीत ते. मला ती ज्वारी दळणात टाकवेना. वेगळी ठेवलीय.

बिजलीचं अंग रोज चाचपते. काही नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून खात नाही. कडबा हुंगला आणि तोंड फिरवलं. कान गरम. नाकातून पाणी. व्याल्यावर असं होतं कधी कधी. हरणी, तिची आई, तीही दोन दिवस खात नव्हती.

मी स्वतःलाच समजावतेय.

१३ ऑगस्ट, बुधवार

मानेखाली सुपारीएवढी गाठ. दुपारपर्यंत खांद्यावर दोन. संध्याकाळी मोजायचं सोडलं.

भिंतीपलीकडं तात्या बैलांची शिंगं घासत होते. पोळा नऊ दिवसांवर. मला हाक मारून विचारलं, गेरू आहे का घरात, शिल्लक. दिला. भिंतीवरून हात पुढं केला तेव्हा वाटलं सांगावं. म्हणाले, "ह्या साली शेंब्या नवीन आणल्यात शिंगांना. पितळी." मी म्हटलं, छान दिसतील.

कळवलं तर काय होईल ते सगळं डोक्यात मांडून बघितलं. गाय हलवली म्हणून मला बोलतील. गाय कुठून आणली विचारतील, मग जर्सी उघडी पडेल, भावजी तोंड बघणार नाहीत. आणि नाही कळवलं तर तात्यांची जोडी.

हौदावरचं पाणी आजपासून बंद केलंय. बिजलीला बादलीनं. पण आठ दिवस ती त्याच हौदावर पीत होती.

१४ ऑगस्ट, गुरुवार

दवाखाना उघडायच्या आधी जाऊन बसले. डॉक्टर लातूरकडचे, तरुण, डोळे तांबारलेले. चार गावं एकट्याकडं आहेत. सगळं ऐकून घेतलं नाही, गाडीवर बसा म्हणाले.

बघितल्या बघितल्या म्हणाले लंपीच. इंजेक्शनं दिली. गाठींवर मारायला फवारा दिला. वासरू वेगळं बांधायचं, दूध उकळून, गार करून, बाटलीनं पाजायचं. गोठ्यापुढं रस्त्याच्या कडेला चुन्याची रेघ मारली. ह्या रेघेच्या आत बाहेरचं कुणी नाही.

मग मोबाइल कानातल्या बिल्ल्यासमोर धरला. बघत राहिले.

"गाय भगवान ह्यांच्या नावावर आहे, वस्तीवर. इथं कशी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पोलिओच्या डोसाच्या वेळी घराप्रमाणे नावं लिहितात, पोरं कुणाची का असेनात, त्या घरात सापडली की त्या घराच्या नावाखाली. मला वाटलं ही लसीची यादी. जनावर ज्या गोठ्यात, नाव त्या गोठ्याचं. वहीतली ती ओळ मी लिहिली. ह्याच हातानं. चार ओळी त्यांच्या जनावरांच्या, आणि पाचवी बिजलीची, सरळ खाली-खाली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, जर्सीचंही. ते लगेच वस्तीवर गेले.

तात्या भिंतीशी उभे राहून बघत होते. मी तोंड उघडायच्या आधीच ते वळले आणि बैल मागच्या अंगणात नेऊन बांधले.

१६ ऑगस्ट, शनिवार

पोलीस पाटलांच्या ओट्यावर बोलावणं. डॉक्टरही होते. जर्सीच्या गाठी फुटल्यात, डॉक्टर म्हणाले आठ-दहा दिवस आधी कळायला हवं होतं. भावजींना लेखी समज मिळणार.

भावजींनी माझ्याकडं बघितलं नाही. पाटलांना म्हणाले, "माझी एक गाय आजारी पडली, चुकलं माझं. पण दुसरी वैनींनी मला न इचारता सोडून नेली. मोबाइलात बघा की, गाय कुणाच्या नावावर हाय."

मी म्हटलं, अर्धलीनं दिलेली आहे. पाटील म्हणाले, काही लिहून ठेवलंय का. अर्धलीचं लिहून कोण ठेवतं? बोली झाली तेव्हा मी होते, भावजी होते, कुसुम होती. चौथं कुणी नव्हतं.

"आन् नाव मी नाही लिवलं," भावजी म्हणाले. "वही मास्तरीणबाईंच्या हातात होती. इचारा त्यास्नी, कुणी लिवलं."

मी लिहिलं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

कुसुम खांबाशी उभी होती. पदर नीट करत होती.

पाटलांनी कुठलीच बाजू घेतली नाही. गाय बरी होईपर्यंत जिथं आहे तिथंच राहील, पुढचं पुढं, म्हणाले. उठून येताना पारावरच्या कुणीतरी म्हटलं, शिकलेली बाई, गाय चोरताना पण लिहून चोरली. हसले. पूर्वीही हसायचे, मास्तरीणबाई म्हणून. ते बरं होतं.

ह्यांचा चुलत भाऊ तो. ह्यांना खांदा दिलेला.

१७ ऑगस्ट, रविवार

डॉक्टर इंजेक्शन द्यायला आले. मालक बदलायचा अर्ज असतो म्हणाले. नव्या मालकाची सही, जुन्या मालकाची सही. त्याशिवाय मोबाइलात नाव बदलत नाही. अर्ज मला दिला, मी भरून दिला. भावजींची जागा मोकळी.

विचारलं, ही गेली तर? म्हणाले, पंचनामा मोबाइलात ज्याचं नाव त्याच्या नावानं होईल. "मला तिथं जे दिसतं तेच लिहावं लागतं, काकी. मी काय ऐकलंय ते लिहायला रकाना नाही." वाईट माणूस नाही. हात धुताना म्हणाले, तुम्ही कळवलंत म्हणून मागच्या गल्लीतली तीन जनावरं वेळेवर वेगळी करता आली. मला त्यातून बरं वाटायला हवं होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पुढचा उजवा पाय सुजलाय, भांड्यासारखा. बसली की उठवत नाही तिला. कडुलिंबाचा पाला जाळून धूर करते, माशा हटतात, मग परत येतात. गाठींवर हळद-तेल लावू का विचारलं, डॉक्टर म्हणाले फवारा पुरे.

वासरू बाटली ओढून पितं. मग आईच्या दिशेनं तोंड करून ओरडतं. बिजली कान हलवते, बिल्ल्याचा कान, पण उठत नाही.

दुपारी तिच्याजवळ बसले. काय बोलावं सुचेना. परवाचा पेपर होता, तो वाचून दाखवला. उजनीचं पाणी, सोलापूरच्या उड्डाणपुलाचं काम, सोयाबीनवरची कीड. मधेच वाटलं, हे ऐकताहेत. हसले असते. असं काही रोज नाही वाटत आता. पण वाटतं तेव्हा हात थांबतात.

कालपासून दूध नाही. कास मऊ पडलीय. वासराला तात्यांच्या घरून शेळीचं दूध आणलं असतं एरवी, आता दवाखान्यातली पावडर.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. मिरवणूक नाही, भोंग्यावर सांगून टाकलं होतं, ज्यानं त्यानं आपल्या गोठ्यात पूजा करायची. वाजंत्री नसलेला पोळा पहिल्यांदा बघितला.

तात्यांनी मागच्या अंगणात जोडी धुतली. झुली घातल्या, शेंब्या बसवल्या. भिंतीवरून सगळं दिसत होतं. पुरणपोळी भरवताना एका बैलानं तोंड फिरवलं आणि तात्यांचा चेहराच उतरला. मीही थांबले. मग बैलानं खाल्ली. दोघांनी एकाच वेळी श्वास सोडला असेल, मधे भिंत होती एवढंच.

मी हाक मारली. तात्या आले, भिंतीपासून चार हात लांब उभे राहिले. म्हटलं, माझं चुकलं. आणली त्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.

जोडीकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "गाय आणलीस त्याचं काय न्हाय सुनबाई. तुझी गाय, जीव तुटला असंल. पण मी तुझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं हुतं. पारावर. माझा तुझ्या वाचण्यावर इस्वास."

आत गेले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

जोडीच्या अंगावर अजून काही नाही. डॉक्टर म्हणतात आणखी दोन आठवडे वाट बघायची.

२४ ऑगस्ट, रविवार

जर्सी गेली. काल संध्याकाळी. वस्तीच्या मागं खड्डा काढून, चुना टाकून पुरली. डॉक्टरांच्या माणसाकडून कळलं.

दुपारी कुसुम आली. रेघेच्या पलीकडं, रस्त्यावर उभी. डोक्यावर मक्याच्या हिरव्या वैरणीचा भारा. रेघेवर टाकला, आत आली नाही. वासराकडं बघत राहिली.

म्हणाली, "वासरू चांगलं झालंय की आक्का."

मी म्हटलं, हो.

"पाटलाच्या ओट्यावर मी बोलले न्हाई. मला घरी जायचं हुतं त्यांच्याच संगं." थांबली. "पण काल जेवताना तेच म्हणाले, वासराचं काय करायचं, आपलं हाय ते. मी म्हणलं, वासरू आपलं असंल तर मग गाय आक्कांची झाली की. दोन्ही कसं आपलं व्हईल. घास हातात तसाच राहिला. उठून हात धुतला."

मग काय झालं विचारलं.

"काय न्हाय. बाजेवर जाऊन पडले. जर्सीच्या दाव्याकडं बघत." पदराला हात लावला नव्हता तिनं, आल्यापासून.

जाताना म्हणाली, मी सांगितलं असं बोलू नका. मी कुणाला बोलणार. इथं लिहिलंय फक्त.

२५ ऑगस्ट, सोमवार

ताप उतरला, असं डॉक्टर म्हणतात. पायाची सूज तशीच. एक गाठ फुटली, खाली मांस दिसतं. स्वच्छ केली. तिनं लाथ मारली, हळू. लाथ मारली म्हणून मला बरं वाटलं.

अर्ज डॉक्टरांच्या पिशवीत आहे. म्हणाले, वस्तीवर जाईन तेव्हा पुढं करीन, पण सही करा म्हणणार नाही. ते माझं काम नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. गल्लीत पोरं मखराचा पुठ्ठा कापत बसलीत. मी ह्या वर्षी बसवायचे की नाही ते ठरवलं नाही अजून.

पाचच्या सुमाराला भावजी आले. सायकल हातात धरून, रेघेच्या पलीकडं. दाढी वाढलेली. पाटलांच्या ओट्यानंतर पहिल्यांदा समोरासमोर. मी गोठ्याच्या दारात, ते रस्त्यावर. तात्या भिंतीशी येऊन थांबले, मग काहीतरी काम असल्यासारखे मागं गेले.

बिजलीकडं बघितलंच नाही त्यांनी. मला वाटलं भांडायला आलेत. सायकलची घंटी उगाच दोनदा अंगठ्यानं पुसली.

"माझ्या वासराला चीक मिळाला का पहिल्या दिशी?"

मिळाला म्हटलं. तासाभरात पाजला.

"आता काय पितंय?"

म्हटलं, आईचं आटलं. दवाखान्यातनं पावडर दिलीय, कोमट पाण्यात. दिवसातनं तीनदा.

मान हलवली. वासरानं बाटली समजून माझा हात चाटला, ते बघत राहिले. माझ्या वासराला, म्हणाले. कुसुमनं जे सांगितलं ते माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. त्यांच्या तोंडून यायला हवं, माझ्या नव्हे. एवढं मला कळतं.

म्हटलं, डॉक्टरांकडं एक अर्ज आहे.

"ठाव हाय. सकाळी दावला मला."

मग?

सायकल वळवली. चार पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाले, "पाय सुजलेल्या बाजूला पेंढ्या रचा, टेकून उठंल." हे म्हणायचे तसंच, त्याच आवाजात. घराण्याचा आवाज आहे तो. मी दारातच उभी राहिले बराच वेळ.

पेंढ्या रचल्या. अजून उठली नाही. बसूनच मक्याची पानं चघळतेय, एक एक.